‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ वर्गात दाखवताना

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीच्या ४५ मुलांना तुम्हाला इराणी दिग्दर्शक माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ दाखवायचा आहे. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. तुमचे एक सहकारी म्हणतात, गरिबाच्या पोरांना पुन्हा गरिबीच कशाला दाखवायची, मनाला लागेल त्यांच्या. त्यात सिनेमा फारसी, खाली इंग्रजी अक्षरं. मग दाखवावा का, कसा दाखवावा आणि संपल्यावर काय बोलावं?

दाखवा. आणि सहकाऱ्यांनाही मुलांसोबत बसवा.

मी २२ वर्षं शाळांमधून, वसतिगृहांमधून, वाचनालयांमधून मुलांना सिनेमे दाखवते. हा सिनेमा साठेक वेळा तरी दाखवला असेल. तुमच्या सहकाऱ्यांना जी भीती वाटते तीच मला पहिल्या वर्षी वाटली होती, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. तेहरानच्या दक्षिण भागातलं कुटुंब. नऊ वर्षांचा अली धाकट्या बहिणीचे, झाहराचे, फाटलेले बूट शिवून आणतो. वाटेत भाजीवाल्याकडे बटाटे घ्यायला थांबतो, बुटांची पिशवी बाहेर खोक्यांच्या फटीत ठेवतो, आणि भंगार गोळा करणारा माणूस ती कचरा समजून घेऊन जातो. घरी सांगायची सोय नाही. आई आजारी, घरभाडं थकलेलं, वडिलांकडे नव्या बुटांचे पैसे नाहीत हे दोन्ही पोरांना ठाऊक. मग दोघं आपसात ठरवतात. झाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. ती त्याचे कॅनव्हासचे बूट घालून जाईल, शाळा सुटली की पळत येईल, गल्लीत बूट उतरवेल. तो ते पायात घालून शाळेकडे पळेल. ८९ मिनिटांचा सिनेमा एवढ्या व्यवस्थेवर उभा आहे.

आता सहकाऱ्यांचं म्हणणं. गरिबीवरचे बरेच सिनेमे बघणाऱ्याच्या मनात कीव जागी करायला काढलेले असतात. कॅमेरा वरून खाली बघतो, आणि बघणाराही. असा सिनेमा गरीब मुलापुढे लावला तर त्याला अवघडल्यासारखं होणारच, कारण पडद्यावर जो बिचारा दिसतो तो आपणच, हे त्याला कळतं. ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’मध्ये बिचारं कुणीच नाही. या सिनेमात गरिबी म्हणजे वेळापत्रक आहे. बुटांचा जोड एक, पाय चार, शाळा दोन, मधे धावायची वाट. परीक्षेचा पेपर पाच मिनिटं लांबला तर भाऊ गल्लीत तळमळणार, आणि तो उशिरा पोचला तर मुख्याध्यापकांच्या तावडीत सापडणार. हे गणित आहे आणि मुलं ते गणित सोडवत सिनेमा बघतात. ज्यांच्या घरी एकच सायकल किंवा एकच मोबाइल आहे, त्यांना हे गणित आधीच येतं. मोबाइल आईसोबत फडात गेला की अभ्यास कसा पाठवायचा, हे तुमच्या मुलांनी टाळेबंदीत रोज सोडवलेलं आहे.

माझ्या अनुभवात गरीब वस्तीतली मुलं हा सिनेमा बघताना रडत कमी आणि सूचना जास्त देतात. ‘अगं, चड्डीत खोच ना बूट!’ ‘अनवाणी पळ, बूट हातात घे!’ एका वसतिगृहात तर झाहराचा पेपर चालू असताना पाठीमागून एक मुलगी ओरडली, ‘शेवटचं सोड, एकाच मार्काचं असेल ते!’ असं ओरडणारं पोर स्वतःची कीव करत नसतं. ते कामाला लागलेलं असतं. उलट सुखवस्तू शाळांमध्ये मुलं गप्प बसतात आणि नंतर ‘आपण किती नशीबवान’ असं लिहून देतात. मला विचाराल तर जपून दाखवायला हवा तो त्या शाळांमध्ये.

झाहराच्या त्या धावण्याचा प्रसंग नीट बघून ठेवा. ती पेपर घाईघाईने देऊन पळत सुटते. बूट भावाचे, तिला मोठे. पळता पळता एक बूट पायातून निसटतो आणि रस्त्याकडेच्या पाण्याच्या नाल्यात पडतो. पाण्याला ओढ आहे. बूट होडीसारखा चालला, ती काठाकाठाने मागे. हात घालते तोवर पुढे जातो. शेवटी एका फरशीखाली जाऊन अडकतो आणि ती तिथेच रडकुंडीला येऊन बसते. मग मोठी माणसं मदतीला येतात. हे सगळं पाहताना आपला जीव घाबरा होतो, पण दिग्दर्शकाने काही फुगवलेलं नाही. नाला आहे, उतार आहे, सैल बूट आहे. यातून जे होईल ते झालं.

तो नाला मुलांना आधी समजावून सांगायला हरकत नाही, कारण त्यात त्या शहराचा भूगोल आहे. तेहरान एल्बुर्झ पर्वताच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं आहे. उत्तरेचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरांवर, तर दक्षिणेचा सुमारे १,१०० मीटरांवर. डोंगराकडून येणारं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या पाटांमधून खाली वाहतं. तिथे त्याला ‘जूब’ म्हणतात. वर थंड हवा, झाडं, बंगले, श्रीमंत वस्ती. खाली गल्ल्या, वाडे, कारागीर, मजूर. पाणी वरून खाली येतं आणि माणूस काम शोधायला खालून वर जातो. पाटाच्या पाण्याला वरचा शेतकरी आणि टेलचा शेतकरी म्हणजे काय, हे तुमच्या मुलांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

याच उताराचा उपयोग पुढे सायकलच्या प्रसंगात होतो. वडील कुठूनतरी फवारणीचं सामान मिळवतात आणि अलीला पुढे बसवून वरच्या वस्तीत बागकाम शोधायला निघतात. उंच फाटकं, भिंतीवर बसवलेले इंटरकॉम. घंटा दाबली की भिंतीतून आवाज येतो, ‘कोण आहे?’ आणि वडील गांगरतात. कुणाशी बोलतोय, चेहरा कुठाय, काय बोलायचं, काहीच सुचत नाही. मग अली पुढे होतो आणि घडाघडा सांगतो: आम्ही माळीकाम करतो, फवारणी करतो, छाटणी करतो. बाप लेकाकडे बघत राहतो.

सर, या जागी तुमच्या वर्गाकडे बघा, पडद्याकडे नको. बँकेत पैसे काढायची पावती भरणारी, दवाखान्यात आईच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारी, मुकादमाने दिलेल्या उचलीचा हिशेब वाचून दाखवणारी मुलं तुमच्या वर्गात आहेत. घरातल्या मोठ्या माणसाची जीभ अडखळते तिथे बोलणारं पोर, ही भूमिका त्यांना आतून माहीत आहे, पण ती कधी कुणी पडद्यावर मांडलेली त्यांनी पाहिलेली नसते. एका शाळेत या प्रसंगानंतर एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, ‘मी पण असंच बोललो होतो एटीएमच्या सायबाशी.’ अभिमानाने म्हणाला.

काम मिळतं, पैसे मिळतात, बापलेक खुशीत उतरणीला लागतात. अली हळूच झाहराच्या बुटांचा विषय काढतो. आणि सायकलचे ब्रेक लागत नाहीत. ७०० मीटरचा तो उतार मघाशी सांगितला तो याचसाठी.

आता साखरेचा प्रसंग. तो तुमच्या शाळेत दाखवताना मला स्वतः हजर राहावंसं वाटतं. वडील घरी बसून साखरेच्या मोठ्या ढेपा फोडून खडे करताहेत. इराणात चहात सहसा साखर ढवळत नाहीत; खडा दातात धरतात आणि वरून चहा पितात. फारसीत त्या साखरेला ‘कंद’ म्हणतात. आपल्या गुलकंदातला कंद तोच, गुल म्हणजे गुलाब. ही साखर मशिदीतल्या कार्यक्रमासाठी फोडायला आणलेली आहे. झाहरा चहा आणते. समोर साखरेचा ढीग पडलेला, पण वडील तिला घरातली साखर आणायला सांगतात. ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिलेली, यातला खडा आपण उचलायचा नाही.

काही वर्षांपूर्वी एका हंगामी वसतिगृहात, जिथे सगळीच मुलं ऊसतोड कामगारांची होती, मी हा सिनेमा दाखवला. या प्रसंगाला खोली एकदम शांत झाली. संपल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘आमचा बा ऊस तोडतो. साखर आम्ही बी दुकानातूनच आणतो.’ दुसरा म्हणाला, ‘पण त्या मशिदीवाल्यांनी त्याला दोन खडे द्यायला पाहिजे होते.’ मग दोघांचं जुंपलं. न विचारता घ्यायचं नाही हे खरं, पण ज्याने फोडली त्याला कुणी चहापुरती साखर का देऊ नये, हेही खरं. प्रामाणिकपणाचा पाठ म्हणून मी आधी जे ठरवून आले होते ते मला गुंडाळून ठेवावं लागलं. त्या मुलांनी सिनेमात माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं.

म्हणूनच कळकळीने सांगते, संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ हे विचारू नका. हा प्रश्न आला की मुलं पाठ्यपुस्तकाच्या भाषेत जातात. ‘आपण प्रामाणिक राहावे, आईवडिलांची आज्ञा पाळावी.’ इतका सुंदर अनुभव दोन ओळींत मरतो. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. अलीने झाहराला गप्प राहण्यासाठी काय दिलं? पेन्सिल. ती कशी होती? लांब, नवी. घरात आईवडील बसलेले असताना दोघं भांडली कशी? वहीत लिहून. अलीला बक्षीस मिळालेलं पेन कुणाकडे गेलं, मग कुणाला सापडलं, परत कसं आलं? एवढं विचारलं की मुलं बाकीचं आपोआप बोलतात.

पेनावरून, ते जिला सापडतं त्या रोयाची आठवण झाली. झाहराला शाळेत आपले हरवलेले बूट या दुसऱ्या मुलीच्या, रोयाच्या, पायात दिसतात. प्रार्थनेच्या रांगेत ती सगळ्यांचे पाय बघत असते, कॅमेराही पायांवरून फिरत असतो, त्यात ते गुलाबी बूट. ती त्या मुलीचा माग काढते, अलीला घेऊन तिच्या घराशी जाते. दोघं आडोशाने बघतात. त्या मुलीचे वडील आंधळे आहेत. भावंडं एकमेकांकडे बघतात आणि मागे फिरतात. एक शब्दही बोलत नाहीत. मला हा प्रसंग सबंध सिनेमात सर्वात अवघड वाटतो. कारण या पोरांना दया करण्याची ऐपत नाही, आणि तरी ती मागे फिरतात. त्यांच्या घरचा हिशेब त्याने आणखी बिघडतो. पुढे रोयाला नवे बूट मिळतात आणि जुने टाकून दिल्याचं कळतं, तेव्हा झाहराचा चेहरा बघा. आम्ही सोडून दिलं आणि ते कचऱ्यात गेलं. एवढ्याशा पोरीने हे एका नजरेत दाखवलं आहे.

ही दोन्ही मुलं, अमीर फारुख हाशेमियान आणि बहारे सिद्दिकी, व्यावसायिक नट नव्हती. वडिलांचं काम करणारे रझा नाजी तब्रिझचे. पुढे माजिदींच्याच आणखी एका सिनेमासाठी त्यांना २००८ साली बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. तेहरानच्या रस्त्यांवरचं बरंचसं चित्रण कॅमेरा लपवून केलेलं आहे, म्हणून मागची माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, आपापल्या कामात असतात. मुलांना हे सांगाल तर संपल्यावर सांगा. आधी सांगितलं तर ती कॅमेराच शोधत बसतात.

इराणात मुलांवरचे इतके चांगले सिनेमे कसे झाले, हे शिक्षक मला नेहमी विचारतात. त्याचं एक उत्तर ‘कानून’ या संस्थेत आहे. मुलांच्या आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी ही संस्था तेहरानात १९६५ साली स्थापन झाली, आधी वाचनालयं आणि पुस्तकांसाठी. पुढे १९७० च्या सुमारास तिचा चित्रपट विभाग उभा राहिला आणि अब्बास किआरोस्तमींसारखा दिग्दर्शक तिथे घडला. १९७९ च्या क्रांतीनंतरही संस्था टिकली आणि ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ तिच्याच आधाराने झाला. दुसरं कारण सेन्सॉरचं. मोठ्या स्त्री-पुरुषांचं घरातलं जवळिकीचं नातं दाखवण्यावर तिथे कडक बंधनं. भाऊबहीण हातात हात घालून पळू शकतात, एकमेकांना बिलगू शकतात, रडू शकतात. मुलांच्या गोष्टीत दिग्दर्शकाला माणसामाणसांतला ओलावा मोकळेपणाने दाखवता येत होता. हा सिनेमा १९९७ चा. त्याच वर्षी माँट्रियलच्या महोत्सवात तो पहिला आला आणि नंतर परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला इराणी सिनेमा ठरला. माजिदी पुढे आपल्याकडेही आले. ‘बियाँड द क्लाउड्स’ त्यांनी मुंबईत चित्रित केला.

मला स्वतःला या सिनेमात काय खटकतं तेही सांगते, म्हणजे मी आंधळेपणाने शिफारस करते असं वाटायला नको. वरच्या वस्तीतला तो बंगला जरा जास्तच मऊ आहे. एकटा पडलेला नातू, प्रेमळ आजोबा, सढळ हाताने दिलेले पैसे. बागकाम करणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी असं घर भेटत नाही. शिवाय शर्यतीत पावलं संथ गतीने पडतात तेव्हा दिग्दर्शक आपला खांदा दाबतो आहे असं वाटतं. उरलेल्या सिनेमाला त्याची गरज लागलेली नाही. गरिबीला गोड केलंय असाही आक्षेप काही जण घेतात. तो मला पटत नाही. थकलेलं भाडं, आईचं दुखणं, पोराच्या पायाचे फोड, सगळं तिथेच आहे. फक्त त्या घरातली माणसं एकमेकांशी नीट वागतात. गरीब घरात माणसं नीट वागतात हे ज्याला गोड वाटतं, त्याने अशी घरं फारशी पाहिलेली नसावीत.

आता भाषेचं. हिंदीत डब केलेलं काही मिळालं तरी घेऊ नका. या पोरांचे आवाज, झाहराचा तो दबलेला स्वर, धापा, हे सगळं गेलं तर सिनेमाच गेला. इंग्रजी अक्षरं सातवीच्या मुलांना त्या वेगात वाचवणार नाहीत. मी काय करते ते सांगते. सिनेमा दोनदा थांबवत थांबवत बघायचा आणि आवश्यक तेवढे संवाद मराठीत वहीत उतरवून घ्यायचे. संवाद कमी आहेत. माझ्या वहीत अकरा पानं झाली. मग दाखवताना पडद्याच्या बाजूला, अंधारात उभं राहून एकाच माणसाने ते सपाट आवाजात वाचायचे. अभिनय करायचा नाही. आवाज काढून रडायचं नाही. भाषांतर तुमच्या मुलांच्या बोलीत करा. ‘माझे पादत्राण हरवले’ नको. ‘तुझा जोड हरवला गं माझ्याकडून’ बरं. दहा मिनिटांत मुलं तुमचा आवाज विसरतात आणि अलीच मराठी बोलतोय असं त्यांना वाटायला लागतं. आणि जिथे कुणी काही बोलत नाही तिथे तुम्हीही बोलू नका. ‘आता बघा हं, तो आंधळा आहे’ असं शिक्षक मधेच सांगतात. मुलांना दिसतं ते.

सुरुवातीला पाच मिनिटं फारसी शब्दांचा खेळ घ्या, मुलं खूश होतात. सिनेमाचं मूळ नाव ‘बच्चेहा-ये आसेमान’. आसेमान म्हणजे आकाश. अस्मानी संकट म्हणतो आपण, तेच अस्मान. सिनेमातली मुलं वडिलांना ‘बाबा’च म्हणतात. वाड्यातल्या अंगणात पाण्याचा जो ‘हौज’ आहे तो आपला हौद. परकी भाषा इतकी जवळची निघाली की खाली पळणाऱ्या अक्षरांची भीती जाते. इराणात मुलामुलींच्या शाळा वेगळ्या असतात आणि सिनेमात त्या दोन पाळ्यांत भरतात, एवढंही सांगा, नाहीतर बूट बदलण्याची व्यवस्थाच कळणार नाही. गोष्ट मात्र अजिबात सांगू नका. बूट हरवतात हेसुद्धा नको.

खोलीचं म्हणाल तर दोन गोष्टी पाहा, बाकी निभावतं. अंधार आणि आवाज. पत्र्याच्या शाळेत दुपारी अंधार होत नाही; खिडक्यांना शेतातली काळी ताडपत्री लावा, किंवा सरळ संध्याकाळी सातला ठेवा आणि पालकांनाही बोलवा. स्पीकर पडद्याजवळ, मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. प्रोजेक्टरशेजारी ठेवला तर आवाज पाठीमागून येतो आणि चित्र मेलेलं वाटतं. चादरीला मधे शिवण असेल तर ती काढा. ती शिवण नेमकी झाहराच्या तोंडावर येते. पांढरी भिंत असेल तर चादरीपेक्षा भिंतच चांगली. मध्यंतर घेऊ नका. शेंगदाणे-गूळ द्यायचा तर आधी द्या. जाहीर खेळ होणार असेल तर ज्यांच्याकडे सिनेमाचे हक्क आहेत त्यांची परवानगी आधी काढा. फिल्म सोसायटीवाल्यांकडे विचारलं तर मार्ग सांगतात.

पहिलं दृश्य चुकवू देऊ नका. नावं पडत असताना कॅमेरा बराच वेळ फक्त एका चांभाराच्या हातांवर आणि एका छोट्या गुलाबी बुटावर असतो. काळे पडलेले हात, दोरा, टोचणी, जीर्ण झालेलं कातडं. उशिरा येणारी मुलं नेमकं हेच चुकवतात आणि मग त्या बुटाची किंमत त्यांना कळत नाही. ज्या वस्तूसाठी पुढे एवढी धावपळ आहे ती आधी कुणाच्या तरी हातात इतका वेळ दिसली पाहिजे. तुमच्या वर्गात चपला शिवणाऱ्या घरातलं पोर असेल तर ते बोट दाखवून सांगेल की टाका कसा पडतोय.

शेवटी शर्यत. शाळाशाळांतल्या मुलांची चार किलोमीटरची धाव आहे आणि तिसऱ्या क्रमांकाला बूट आहेत. नावनोंदणी संपलेली असते. अली रडून भेकून शिक्षकांना गळ घालतो. झाहराला सांगतो, मी तिसरा येणार, मुलांचे बूट मिळाले तर बदलून मुलींचे आणू. पहिला येण्यासाठी धडपडणारा नायक मुलांनी शंभरदा पाहिलाय. मागेपुढे बघत तिसराच येण्याचा प्रयत्न करणारा त्यांनी पाहिलेला नसतो. दोघांना पुढे जाऊ द्यायचं, बाकीच्यांना मागे ठेवायचं. सगळी खोली मोजायला लागते, ‘दोन पुढं हायेत, थांब, थांब!’ मग धक्का लागून तो पडतो, उठतो, आता मोजायला वेळ नाही, जीव तोडून पळतो. आणि पहिला येतो. सगळे खांद्यावर उचलतात, फोटोवाले मान वर कर म्हणतात, आणि पोराच्या डोळ्यांना धार. पहिला आला म्हणून रडणारं पोर. काही मुलं हसतात इथे, हसू द्या. ती लगेच गप्प होतात.

तो घरी येतो. झाहरा अंगणात आहे. विचारावं लागत नाही तिला. बूट पार फाटलेत. तो हौदाच्या काठावर बसतो, फोड आलेले पाय पाण्यात सोडतो, आणि हौदातले लाल मासे येऊन पायांभोवती गोळा होतात. इराणात नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, ताटाशेजारीही असे लाल मासे ठेवतात. सिनेमा इथे संपतो.

पण त्याच्या जरा आधी, काही क्षणच, वडिलांची सायकल दिसते. मागे सामान बांधलेलं, त्यात बुटांचे दोन जोड. एक पांढरा, एक लाल. अलीला माहीत नाही, झाहराला माहीत नाही. निम्म्या मुलांच्या नजरेतूनही ते सुटतं, कारण ती अजून शर्यतीच्या धक्क्यात असतात. नावं पडायला लागली की लगेच दिवे लावू नका. तीन-चार मिनिटं अंधारातच बसा. तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘आरं पण त्याच्या बानं आणलेत की बूट!’ दुसरा म्हणतो, ‘कुठं? मला नाय दिसले.’ ज्यांनी पाहिलं ती ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगायला लागतात, हातवारे करून, कुठल्या बाजूला बांधले होते, कुठला रंग. तुम्ही तेव्हा काही बोलू नका. मागे जाऊन तो भाग पुन्हा लावा असं ती स्वतःच म्हणतील. मग लावा.